जुन्या ट्रकच्या इंजिनवरची कच्ची डागडुजी आणि सैल पडणारे भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती मुख्यतः जुन्या पद्धतीच्या डिझेल ट्रकसाठी आहे. म्हणजे इनलाइन पंप (प्रत्येक सिलिंडरला एका ओळीतून डिझेल देणारा यांत्रिक पंप), यांत्रिक नोजल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) आणि बिडाचा ब्लॉक असलेल्या गाड्या. टाटाचं ६९२ (४७८८ सीसी) आणि ६९७ (५६७५ सीसी) इंजिन, ४०७ मधलं ४९७, जुन्या लेलँड गाड्या, हे सगळे यात आले. कॉमन रेल इंजिनाला (एकाच नळीत फार मोठ्या दाबाने डिझेल साठवणाऱ्या नव्या इंजिनाला) यातलं बरंचसं लागू नाही आणि काही गोष्टी तिथे धोक्याच्या आहेत. तसं जिथे आहे तिथे सांगितलं आहे.

जुना ट्रक घेतला. आधीच्या मिस्त्रींनी काय काय करून ठेवलंय ते कसं ओळखायचं?

पहिली गोष्ट, इंजिन धुऊ नका. वॉशिंग सेंटरला नेलं की अर्धा पुरावा पाण्याबरोबर वाहून जातो. धूळ आणि तेल कुठे साचलंय, ओघळ कुठून सुरू होतो, कुठला भाग संशय यावा इतका स्वच्छ आहे, हे सगळं मळलेल्या इंजिनावरच दिसतं.

उजेडात, बॅटरी हातात घेऊन एक तास नुसतं बघा आणि फोटो काढा. बोल्टच्या डोक्याखाली किंवा ब्रॅकेटच्या कडेला विटकरी रंगाची बारीक भुकटी दिसली, तर तिथे दोन लोखंडं एकमेकांवर घासतायत. बोल्ट हाताला घट्ट लागला तरी तो जोड हलतोय असं समजा. एकाच कव्हरला तीन बोल्ट १३ च्या पान्याचे आणि एक १४ चा असेल, तर त्या एका भोकाचे आटे गेलेले असण्याची शक्यता मोठी. डोक्याच्या कडा गोल झालेले बोल्ट, छिन्नीच्या खुणा, जोडातून बाहेर आलेला सिलिकॉनचा गोळा, बाइंडिंग वायर, सायकलच्या ट्यूबची पट्टी, एम-सीलचा लिंपलेला थर, वेल्डिंगचा टाका, हे सगळं कागदावर लिहून काढा. मग धुवा, आणि धुतल्यावर पुन्हा एकदा बघा. बिडातले तडे स्वच्छ इंजिनावरच दिसतात.

एकच बोल्ट दर महिन्याला सैल होतो. मोठा स्प्रिंग वॉशर टाकला की थांबेल का?

नाही. बोल्ट घट्ट राहतो तो त्याच्या ताणामुळे. आवळल्यावर बोल्ट किंचित लांबतो आणि रबरबँडसारखा दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. हा दाब पुरेसा असला की जोड आडवा सरकत नाही. दाब कमी पडला की थरथरीने जोड आडवा सरकायला लागतो आणि दर हेलकाव्याला नट थोडा थोडा उलटा फिरतो. १९६९ मध्ये गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने हे यंत्रावर प्रयोग करून दाखवलं. अशा आडव्या हादऱ्यापुढे साधा स्प्रिंग वॉशर फारसा टिकत नाही. बोल्ट पुरता आवळला की तो सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच राहतो.

तेव्हा वॉशर बदलण्याआधी दाब का टिकत नाही ते शोधा. बहुतेक वेळा कारण या पाचांपैकी एक असतं:

- बोल्ट लांब आहे आणि भोकाच्या तळाला टेकतोय. पाना कडक लागतो, पण ब्रॅकेट दाबलंच जात नाही. ब्रॅकेट न लावता बोल्ट हाताने पूर्ण आत फिरवा आणि बाहेर किती उरतो ते मोजा. ती उंची ब्रॅकेट अधिक वॉशर यांच्या जाडीपेक्षा निदान २–३ मिमी कमी हवी.
- दोन भागांमध्ये रंगाचा, गंजाचा किंवा जुन्या पेस्टचा थर आहे. हादऱ्याने तो चुरा होतो आणि तेवढा ताण उतरतो.
- भोक घासून लांबट झालंय आणि पातळ वॉशर त्यात बसत चाललाय.
- बोल्ट चुकीच्या ग्रेडचा, मऊ आहे. आवळला की कायमचा लांबतो.
- ज्या जोडाला दोन किंवा तीन आधार हवेत, तिथला एक आधार कुणीतरी काढून टाकलाय. डायनॅमो, कॉम्प्रेसर आणि सायलेन्सर यांच्या मागच्या पट्ट्या हटकून गायब असतात.

शेवटचं कारण सगळ्यात जास्त वेळा निघतं, आणि तेच सगळ्यात कमी वेळा तपासलं जातं.

बोल्ट किती आवळायचा? मॅन्युअल मिळत नाही.

हेड, मेन बेअरिंग, बिगएंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग), फ्लायव्हील आणि नोजल यांचे आकडे अंदाजाने लावायचे नसतात. ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधूनच घ्या. अधिकृत डीलरकडे किंवा चांगल्या इंजिन रिबिल्डिंगवाल्याकडे ते असतात.

बाकी ब्रॅकेट, कव्हर, पट्ट्या यांच्यासाठी बोल्टच्या डोक्यावरची खूण बघा. ८.८ लिहिलं असेल आणि आटे स्वच्छ, जवळपास कोरडे असतील, तर साधारण असं धरा: एम ८ ला (८ मिमी जाडीच्या बोल्टाला) २५ न्यूटन-मीटर, एम १० ला ४९, एम १२ ला ८५, एम १४ ला १३५. १०.९ असेल तर त्याच मापांना ३६, ७२, १२५ आणि २००. जुन्या टॉर्क पान्यावर (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यावर) किलो-मीटर असतं, तिथे न्यूटन-मीटरला ९.८ ने भागायचं. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर तो बोल्ट इंजिनावर ठेवू नका, तो पत्र्याच्या कामाचा आहे.

हे आकडे बिडात किंवा पोलादात गेलेल्या बोल्टांचे आहेत. ॲल्युमिनियमच्या भागात आटे आधी निघतात, म्हणून तिथे कमी. आणि आट्यांना तेल किंवा ग्रीस लावून हाच टॉर्क दिला तर ताण बराच वाढतो, बोल्ट तुटूही शकतो. त्यामुळे कोरडा की तेलाचा, हे आधी ठरवा.

टाटा आणि लेलँडचे बोल्ट एकमेकांना चालतात का?

टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि डेमलर-बेंझ यांचं सहकार्य १९५४ पासून १९६९ पर्यंत होतं. त्या वारशामुळे टाटाच्या या इंजिनांवर मेट्रिक आटे आहेत. जुन्या ब्रिटिश वंशाच्या लेलँड गाड्यांवर इंचाचे आटे सापडतात. गॅरेजमधल्या एकाच डब्यात दोन्ही पडलेले असतात आणि तिथेच घोळ होतो. तीन अष्टमांश इंची जाड आट्यांचा बोल्ट एम १० च्या भोकात हाताने बऱ्यापैकी आत जातो, कारण तो साडेनऊ मिमीचा असतो आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमीच्या अगदी जवळ येतो. पण आट्यांची पकड फक्त टोकावर असते. आवळला की भोकातले आटे घेऊनच बाहेर येतो.

मेट्रिकमध्येही फसगत होते. एम १० ला १.५ आणि १.२५ असे दोन्ही पिच, एम १२ ला १.७५, १.५ आणि १.२५ असे तिन्ही मिळतात. पिच गेज डब्यात ठेवा. बोल्ट हाताने चार-पाच आटे सहज गेला नाही तर पान्याने जबरदस्ती करू नका.

भोकाचे आटे गेलेत. आधीच्या मिस्त्रीने एक नंबर मोठा बोल्ट मारलाय. तसाच ठेवू का?

भोवती बीड भरपूर असेल आणि बोल्ट सरळ असेल तर ठेवायला हरकत नाही. पण बहुतेक वेळा भोक तिरकं असतं, ब्रॅकेटचं भोकही मोठं करावं लागलेलं असतं आणि कडेला जेमतेम तीन-चार मिमी धातू उरलेला असतो. अशा जागी, भोक अजून हेलिकॉइलच्या टॅपपेक्षा मोठं झालेलं नसेल तर, हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी स्प्रिंगसारखी तारेची कॉइल) बसवा. मूळ मापाचा बोल्ट परत वापरता येतो आणि ॲल्युमिनियमच्या भागात तर हा जोड मूळ आट्यांपेक्षा मजबूत होतो.

एम १० × १.५ चं उदाहरण घ्या. भोक साधारण १०.४ मिमी ड्रिलने सरळ करायचं. किटमध्ये जो ड्रिल दिलाय तोच वापरा, हातचा घेऊ नका. ड्रिल सरळ जावं म्हणून जाड लोखंडी पट्टीत काटकोनात भोक पाडून ती पट्टी शेजारच्या दोन बोल्टांना अडकवा आणि गाइड म्हणून वापरा. मग किटचाच खास टॅप. हा टॅप साध्या एम १० पेक्षा मोठा असतो, साधा टॅप इथे चालत नाही. बिडात टॅप कोरडा चालतो, ॲल्युमिनियमला थोडं रॉकेल किंवा कटिंग ऑइल लावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. भुकटी हवेने उडवताना डोळे झाका आणि शेजारची तेलाची व पाण्याची भोकं कापडाने बंद करा. कॉइल पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली बसवायची. मग तळाचा शेपटीसारखा तुकडा तोडून चिमट्याने किंवा लोहचुंबकाने बाहेर काढायचा. तो तुकडा टायमिंग केसमध्ये पडू देऊ नका. लगेच शोधला नाही तर तो गिअरच्या दातांत सापडतो.

भोकातले आटे किती खोल हवेत? बिडात बोल्टच्या व्यासाच्या निदान सव्वा ते दीडपट, ॲल्युमिनियममध्ये दुप्पट.

नटाला वेल्डिंगचा टाका मारून ठेवलाय. काढू का?

होय. कडक बोल्टावर टाका मारला की टाक्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होतो. काही महिन्यांनी डोकं टाक्याच्या रेषेत कापल्यासारखं तुटतं. टाका ग्राइंडरने कापा, बोल्ट आणि नट दोन्ही फेकून द्या. शिवाय टाका मारताना वेल्डरने अर्थ कुठे लावला होता, हेही महत्त्वाचं. अर्थ चासीला आणि वेल्डिंग इंजिनावर, असं झालं असेल तर करंट बेअरिंगमधून गेलेला असू शकतो. पुढच्या वेळी इंजिनाजवळ वेल्डिंग करावंच लागलं तर बॅटरीच्या दोन्ही केबल काढा, डायनॅमोच्या वायर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ टाक्यापासून वीतभर अंतरावर, त्याच तुकड्यावर लावा.

स्टड आत तुटलाय.

थोडा बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या पोटातून वेल्डिंग भरा. उष्णतेने गंज सुटतो आणि पाना लावायला डोकंही मिळतं. लाल असताना फिरवू नका, हात लावता येईल इतका थंड होऊ द्या आणि मग पुढे-मागे हलवत काढा. पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारा, बारीक ड्रिलने सुरुवात करा आणि वाढवत जा. डाव्या आट्याचा ड्रिल मिळाला तर अनेकदा स्टड त्याच्याबरोबरच बाहेर येतो. पिळाचा एक्स्ट्रॅक्टर शेवटचा उपाय. तो आत तुटला तर पुढे ड्रिल चालत नाही आणि ब्लॉक मशिन शॉपला न्यावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी हे काम करणारे आहेत, पण तोवर इंजिन खाली उतरलेलं असतं.

लॉक लावायचं लिक्विड कुठे चालतं, कुठे नाही?

निळं लिक्विड (लॉक्टाइट २४३ सारखं) साध्या पान्याने सुटतं. ते ब्रॅकेट, पुलीचे छोटे बोल्ट, क्लच कव्हर अशा ठिकाणी चांगलं. लाल जातीचं लावलेला बोल्ट साधारण २५० अंशांपर्यंत तापवल्याशिवाय सुटत नाही. स्टड ब्लॉकमध्ये कायमचा बसवायचा असेल तरच ते घ्या. आटे डिझेलने नव्हे, थिनर किंवा ब्रेक क्लीनरने धुतलेले आणि कोरडे हवेत. दोन थेंब पुरतात. पूर्ण पकड यायला सुमारे २४ तास लागतात, तेव्हा लावलं आणि तासाभरात ऊस भरायला पाठवलं असं करू नका.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर कुठलंच लिक्विड टिकत नाही. तिथे नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला) नटही नको, त्यातलं नायलॉन साधारण १२० अंशांपुढे निकामी होतं. नायलॉक कुठेही लावा, दुसऱ्यांदा वापरायचा नाही. आणि गेलेल्या आट्यांवर लिक्विड हे औषध नाही.

इंजिन स्टार्ट-बंद करताना खूप हलतं. फाउंडेशन रबरच्या (इंजिन चासीवर ज्यावर टेकतं त्या रबराच्या) जागी टायरचे तुकडे आहेत. चालतील का?

हा प्रकार ग्रामीण भागात सर्रास दिसतो आणि यातून इतकी कामं निघतात की आमच्या मते जुन्या गाडीवर पहिला खर्च इथेच करावा. टायरच्या तुकड्यात दोऱ्याचे किंवा तारेचे थर असतात, तो दबत नाही. त्यामुळे इंजिनाची थरथर चासीत जाते आणि चासीचे धक्के इंजिनात येतात. उलट बाजूला, तेलाने भिजून फुगलेलं जुनं रबर इंजिनाला नको तितकं हलू देतं. दोन्हीचा परिणाम सारखाच. सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डजवळ तडकतो, रेडिएटरचे होज ओढले जातात, पंखा काऊलला (त्याच्याभोवतीच्या पत्र्याला) घासतो, गिअरचा दांडा थरथरतो, क्लच सोडताना गाडी धडधडते. लोक क्लचप्लेट बदलतात आणि धडधड तशीच राहते.

तपासणी अशी. हँडब्रेक ओढा आणि चाकांना ओट (अडसर) लावा. एकाने पहिला गिअर टाकून क्लच थोडासा सोडावा, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचललं जातं ते बघावं. गाडीच्या समोर किंवा मागे कुणी नको. मग इंजिन बंद करून पहारीने प्रत्येक माउंटिंग उचलून बघा. रबर आणि लोखंड यांच्यात फट दिसली तर रबर सुटलंय.

बदलताना सगळा संच एकदम बदला. एकच नवं टाकलं तर इंजिन एका बाजूला कलतं. जॅक चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) पत्र्याला थेट लावू नका, रुंद फळी मध्ये द्या. चेंबर आत दबला तर स्ट्रेनर (तेल ओढणारी जाळी) आणि तळ यांच्यातली जागा कमी होते आणि तेलाचा दाब पडतो. सगळे बोल्ट आधी सैल लावा, इंजिनाचं पूर्ण वजन रबरांवर येऊ द्या, एक मिनिट इंजिन चालवून बंद करा आणि मगच आवळा. आधी आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकतं आणि सहा महिन्यांत फाटतं. माउंटिंगचं ब्रॅकेट चासीला जिथे बसतं तिथली भोकं लांबट झाली असतील तर नवं रबर टाकूनही फरक पडणार नाही. भोक रीमरने गोल करून एक माप मोठा, १०.९ चा बोल्ट टाका.

आयडलला ‘ठक ठक’ येते. मिस्त्री म्हणतो बेअरिंग गेलं. इंजिन खोलू का?

थांबा. क्रँक पुली किंवा फ्लायव्हील सैल असेल तर हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज येतो, आणि त्या आवाजावर पूर्ण इंजिन खोललेली उदाहरणं कमी नाहीत.

आधी फॅन बेल्ट काढून दोन मिनिटं चालवा. आवाज गेला किंवा बदलला तर पंप, डायनॅमो, कॉम्प्रेसर यांच्याकडे वळा. मग क्लच दाबून बघा. दाबल्यावर आवाज बदलला तर फ्लायव्हील किंवा क्रँकचा पुढे-मागे खेळ. त्यानंतर एकेका सिलिंडरचं डिझेल तोडा: आयडलला नोजलकडच्या हाय प्रेशर पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा, वर कापड धरायचं, चष्मा लावायचा. एखादा सिलिंडर तोडल्यावर ठोका मवाळ झाला तर तिथला बिगएंड, पिस्टन किंवा नोजल. एकानेही फरक पडला नाही तर दोष पुलीत किंवा फ्लायव्हीलमध्ये असण्याची शक्यता जास्त. कॉमन रेल गाडीवर हे अजिबात करू नका, तिथला दाब जीवघेणा असतो.

पुली काढल्यावर चावी (पुली क्रँकवर घट्ट धरणारी पाचर) आणि तिचा घाट (खाच) बघा. घाट घासून रुंद झाला असेल आणि मागच्या मिस्त्रीने चावीशेजारी पत्र्याची चकती ठोकली असेल, तर नवी चावीही टिकणार नाही. मशिन शॉपमध्ये घाट एक माप मोठा करून पायरीची चावी बनवून घ्या. क्रँकचं टोकच खाल्लेलं असेल तर भरून ग्राइंड करावं लागतं. फ्लायव्हीलचे बोल्ट एकदा सैल झाले असतील तर सगळेच नवे घ्या. जुन्या लॉक प्लेटचे कान एकदा वाकवलेले असतात, दुसऱ्यांदा ते तुटतात.

बेअरिंग घरात फिरत होतं म्हणून आतून पंचाचे ठिपके मारून बसवलंय. काय बिघडतं?

पंच मारला की त्या ठिपक्यांभोवती धातू उठतो आणि बेअरिंग तेवढ्या टोकांवर अडकतं. आठवडाभर घट्ट वाटतं. मग टोकं दबतात, बेअरिंग पुन्हा फिरतं आणि आता घरही वेडंवाकडं असतं. वॉटर पंप, डायनॅमोचं पुढचं कव्हर, फॅन हब इथे हे हमखास सापडतं. झीज अगदी थोडी, साधारण एक दशांश मिमीच्या आत असेल तर बेअरिंग बसवायचं हिरवं लिक्विड चालतं. त्यापुढे घर बोअर करून बुश ठोकून घ्यावा लागतो. लेथवर दुपारभराचं काम आहे.

गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी एअर घेते (डिझेलच्या पाइपात हवा शिरते). सगळे नट आवळले तरी तेच.

टाकीपासून फीड पंपापर्यंतचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतचा) पाइप ओढीखाली असतो. तिथली फट डिझेल गाळत नाही, हवा ओढते. म्हणून कोरड्या दिसणाऱ्या जोडावर संशय घ्या. फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडला की बुडबुडे दिसतात. मग टाकीकडून एकेक जोड बदलत या.

जुन्या गाडीत इथे तीन गोष्टी सापडतात. बँजो बोल्टाचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टाचे) तांब्याचे वॉशर दहा वेळा वापरून कडक झालेले असतात. नवे टाका. नाहीच मिळाले तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं. दुसरं, आट्यांना गुंडाळलेली टेफ्लॉन टेप. हे जोड वॉशरवर किंवा कोनावर बसतात, आट्यांवर नाही. टेपने गळती थांबत नाही आणि तिचे तंतू पंपात जातात. तिसरं, रबरी होजवर बाइंडिंग वायर. वायर एकाच रेषेत रबर कापते, दोन्ही बाजूंनी दाबणारी क्लिप लावा.

हाय प्रेशर पाइपांना एकमेकांशी बांधणाऱ्या क्लिपा असतात. पाइप काढताना त्या पहिल्यांदा फेकल्या जातात. क्लिप नसली की पाइप नोजलच्या नटाजवळ थरथरून तडकतो. मग कुणीतरी तो पितळेने जोडतो, आणि तो पुन्हा तडकतो. पाइप नवाच घ्या, त्याच लांबीचा आणि त्याच आतल्या भोकाचा, आणि क्लिपा लावा. चालू इंजिनावर गळती बोटाने शोधू नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडीतून आत जातो. सुईच्या टोकाएवढी जखम दिसली तरी त्याच तासात इस्पितळ गाठा आणि डिझेल आत गेल्याचं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नोजलखाली दोन वॉशर निघाले. एक काढू का?

मूळ एकच असेल तर होय, आणि तो नवा. दोन वॉशरने नोजल तेवढं वर जातं, फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही, धूर आणि ठोका वाढतो. दोन का टाकले होते तेही बघा. बहुधा जुना वॉशर हेडमध्ये चिकटून राहिला आणि त्यावरच नवा बसवला गेला.

एअर क्लीनरच्या होजला ट्यूबची पट्टी बांधलीय. एवढ्याने काय होतं?

इंजिन लवकर मरतं. होज काढा आणि आतून बोट फिरवा. क्लीनरनंतरच्या, इंजिनकडच्या बाजूला धूळ लागली, तर ती गाळणीतून आलेली नाही, फटीतून आली आहे. खडीच्या खाणीवर किंवा मातीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत नव्या रिंगा थोड्याच काळात संपण्याचं हे मोठं कारण आहे. इंजिन बोअर करायला देण्याआधी हा होज, त्याच्या क्लिपा आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग दुरुस्त झालंय का ते बघा, नाहीतर तोच खर्च पुन्हा.

प्रत्येक जोडाला सिलिकॉन पेस्ट फासलीय. चांगलंच ना?

जिथे मूळ पॅकिंग आहे तिथे पॅकिंगच लावा. जिथे पेस्ट चालते तिथे २–३ मिमीची एक रेघ, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. जास्त पेस्ट बाहेर दिसते तेवढीच आतही जाते, सुटते आणि चेंबरमधल्या स्ट्रेनरला चिकटते. जुन्या गाडीचा तेलाचा दाब अचानक कमी झाला असेल आणि बाहेर सगळीकडे पेस्ट दिसत असेल, तर बेअरिंगच्या आधी चेंबर उतरवा.

मॅनिफोल्डचे टोकाचेच स्टड सारखे का तुटतात?

लांब मॅनिफोल्ड तापून वाढतो आणि ती वाढ टोकांना सगळ्यात जास्त असते. टोकाची भोकं स्टडपेक्षा मोठी असतात ती त्यासाठीच. तिथे जाड स्टड टाकून किंवा भोक वेल्डिंगने भरून खेळ संपवला की स्टड तुटणारच. मॅनिफोल्ड वाकला असेल तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने बघून मशिनवर सपाट करून घ्या, दोन पॅकिंग लावून भरून काढू नका. आवळताना मध्यापासून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. आट्यांना तांब्याची अँटी-सीझ पेस्ट. आणि खालचा सायलेन्सर पाइप स्वतःच्या हँगरवर टांगलेला हवा. तो मॅनिफोल्डला लोंबकळत असेल तर वरची सगळी मेहनत वाया.

वायरिंगचे जोड पिळून टेप लावलेले आहेत. सगळं बदलायचं?

सगळं एकदम नको. आधी अर्थ बघा. इंजिन ते चासी, चासी ते केबिन आणि बॅटरी निगेटिव्ह ते चासी, या जाड पट्ट्या हव्यातच. इंजिनाची अर्थ पट्टी तुटलेली असेल तर सेल्फचा शेकडो अँपिअर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून किंवा पाइपांमधून वाट काढतो. केबल तापून अडकण्याचं हे कारण असू शकतं. सेल्फ मारताना मल्टीमीटर बॅटरी निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांना लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर जोड साफ करा.

मग फ्यूजच्या जागी लावलेली तार काढा आणि हेडलाइटचा करंट स्विचमधून न नेता रिलेमधून न्या. पिळलेले जोड एकेक करून सोल्डर किंवा क्रिंप करा, वर हीट श्रिंक. चार्जिंग २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७ ते २८.५ च्या मध्ये हवं.

डिझेल टाकीला एम-सील लावलंय आणि कडेने पाझरतंय. वेल्डिंग करू का?

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आत वाफ साचते. टाकी उतरवून, धुऊन, वाफ घालवून देणाऱ्या रेडिएटर-टाकीवाल्याकडेच काम द्या. गाडीवर असताना रॉड लावू देऊ नका. साबण आणि एम-सील घरी पोहोचण्यापुरतं ठीक.

आधीची दुरुस्ती तशीच ठेवावी असं कधी वाटतं का?

बऱ्याचदा. ब्लॉकवर तडा असेल आणि तो धातूच्या टाक्यांनी, थंड पद्धतीने शिवलेला असेल, कोरडा असेल, पाणी आणि तेल एकमेकांत जात नसेल, तर हात लावू नका. नीट बसवलेला बुश, सरळ टॅप केलेला मोठा बोल्ट, घरी केलेलं पण भक्कम ब्रॅकेट, हे सगळं राहू द्या. कारखान्याचं नाही म्हणून वाईट असं नसतं. हलतं का, गळतं का, तापतं का आणि तुटलं तर पुढे काय तुटेल, एवढंच विचारा.

कामं कुठल्या क्रमाने करावीत? गाळप हंगाम तोंडावर आहे आणि गाडी आठवड्यापेक्षा जास्त उभी ठेवता येत नाही.

आधी जे आग लावू शकतं ते: डिझेल गळती आणि फ्यूजविना वायर. मग एअर क्लीनरचा होज. मग फाउंडेशन रबर आणि सायलेन्सरचे हँगर, कारण थरथर थांबल्याशिवाय बाकीचे बोल्ट आवळण्यात अर्थ नाही. त्यानंतर पुली, डायनॅमो आणि कॉम्प्रेसरची ब्रॅकेटं, बेल्ट (लांब टप्प्याच्या मध्यावर अंगठ्याने दाबून साधारण १०–१५ मिमी खाली जावा). पॅकिंग आणि तेलाचे किरकोळ पाझर शेवटी.

आवळलेल्या प्रत्येक बोल्टावर, डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत, पांढऱ्या ऑइल पेंटची एक रेघ ओढा. ५०० किलोमीटरनंतर टॉर्क पाना घेऊन बसण्याऐवजी रेघ तुटलीय का ते बघितलं तरी पुरतं. जिथे तुटली असेल तिथे नुसतं आवळू नका, तो जोड खोला.

ड्रायव्हरच्या डब्यात काय असावं?

८.८ चे एम ८, एम १० आणि एम १२ बोल्ट प्रत्येकी सहा, सपाट जाड वॉशर, १३, १७, १९ आणि २२ चे रिंग पाने, तांब्याच्या वॉशरची पुडी, योग्य अँपिअरचे फ्यूज, चार होज क्लिपा, मीटरभर डिझेल होज, एक बेल्ट. बाइंडिंग वायरचं भेंडोळंही ठेवा, पण ती लावली की लॉगबुकात लिहायला सांगा, म्हणजे गाडी परत आल्यावर काढता येईल.